चौकोनी कावळा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही डायरी सुनेच्या कारखान्यातून जानेवारीत मिळालेली. अंजनी उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, तिला दरवर्षी एक मिळते आणि ती दरवर्षी मला देते. दहा महिने कोरीच पडली होती. आज लिहायला काढली, कारण आज एक मजा झाली.

माळ्यावरचं कपाट आवरताना ग्राफ पेपरचा गठ्ठा सापडला. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण मधले कागद ठणठणीत. अंजनी म्हणाली, "अत्ती, रद्दीत टाकू?" (सासूला ती अत्ती म्हणते.) मी एवढ्या जोरात "हात लावू नकोस" म्हटलं की बिचारी दचकली. मग तिला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, वाणसामानाची यादी करायला होतील.

अठ्ठावीस वर्षं मी याच कागदांवर साड्यांची नक्षी काढली. मोर, पोपट, हंस, कोयऱ्या. वडगावात निम्म्या गल्लीला राजेश्वरीचे पोपट माहीत होते. आमचे नागोजीराव विणायचे आणि मी काढायची. आता नक्षी कॉम्प्युटरवर होते, आमचे माग सहा वर्षांपूर्वी गेले, आणि नागोजीरावांचे कान त्याच्या आधीच गेले. मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार?

हात शिवशिवत होता म्हणून दुपारी एक कावळा काढला. तारेवर बसलेला. ग्राफचा हात असल्यामुळे तो चौकोनी झाला: चोच दोन घरांची, शेपूट सहा घरांचं. खाली लिहिलं, 'काम नाही. पण रजाही नाही.' अंजनी हसता हसता चहा सांडून बसली. तिने फोटो काढला आणि माझ्याच फोनवर स्टेटसला लावून दिला. कसा लावायचा तेही शिकवलं. आता जगाला कळलं की राजेश्वरीबाई रिकामटेकड्या आहेत.


५ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री झोपाळ्यावर बसलेली साळुंकी काढली. वर जाताना म्हणते, 'मी उडतेय.' खाली येताना म्हणते, 'कुणी ढकललं?'

एकवीस जणांनी पाहिलं. कुणी पाहिलं आणि किती वाजता, तेही दिसतं, हे मला नव्यानेच कळलं. पहिलं नाव 'राजकुमार निपाणी', पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. राजकुमार म्हणजे माझ्या आक्काचा मुलगा. त्याचा टेम्पो आहे. लहानपणी नऊ वाजल्याशिवाय अंथरूण सोडायचा नाही. माणसं सुधारतात म्हणायची.


८ नोव्हेंबर, शनिवार

आज गल्लीतला करंट गेला होता. आजूबाजूचे सगळे माग एकदम बंद झाले आणि चिमण्या ऐकू आल्या. एवढ्यावरूनच जीव कुठल्या कुठे गेला.

आमच्या वडिलांचा माग खड्ड्यातला होता, हातमाग. मी आणि आक्का समोरासमोर बसून सुताच्या कांड्या भरायचो. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला तिने कडेवर वागवलं, माझ्या वेण्या घातल्या, माझी बाराखडी घेतली. मागाच्या वरच्या आढ्याला चिमण्यांचं घरटं होतं आणि काड्या सुतावर पडायच्या. वडील कावायचे, पण घरटं काढू द्यायचे नाहीत. आक्का म्हणायची, "बघ राजे, त्या बी इणत्यात आणि आपण बी. फकस्त त्यांस्नी गिऱ्हाईक न्हाय." मला ते तेव्हा फार मोठं शहाणपण वाटायचं.

पाखरं काढायला तिनेच शिकवलं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ओल्या बोटाने. वाळेपर्यंत चित्र राहायचं. मग दुसरं.

तिचं लग्न होऊन ती निपाणीला गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दिवाळीला यायची तेव्हा तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास असायचा. मी शिंकायची आणि तरी तिच्याच मांडीवर झोपायची.

आज दोन चित्रं काढली. एक रिकाम्या घरट्यातल्या चिमण्याचिमणीचं: 'पोरं उडाली. आता भात उरतो.' दुसरं एका रुसक्या कावळ्याचं. छाती पुढे, मान आकाशात, आणि म्हणतोय, 'मी तिच्याशी बोलत नाही. पण हे तिला सांगायचं कुणी?' हा कावळा कुणावरून काढला ते लिहायला नको. निपाणीच्या लोकांना कळलं तर कळू दे.

अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं नाही.


९ नोव्हेंबर

रुसका कावळा लोकांना फार आवडला. 'उद्या काय?' असं सात जणांनी विचारलं. निपाणी, पाच वाजून आठ मिनिटं.


१५ नोव्हेंबर, शनिवार

मनुबाई पलीकडच्या घरातून ताकाचा तांब्या घेऊन आली. ती ताक द्यायला येते तेव्हा हमखास बातमी आणते.

"व्हय गं राजाक्का, तुमच्या मंजुश्रीचं ठरलं म्हणं."

मंजुश्री म्हणजे आक्काची मुलगी, राजकुमारची बहीण. मी तोंडावरची रेघ हलू दिली नाही. म्हटलं, "मला म्हाईत हाय."

"सात डिसेंबरला. पोरगा चिकोडीचा, मास्तर हाय, पहिली बायको वारल्याली. आमच्या नणंदंला अक्षत आली की काल. तुमास्नी कवा आली?"

"येतीया," म्हटलं. काय म्हणणार?

मनुबाईची नणंद आक्काची कुणी नाही. निपाणीत आक्कापासून चार घरं सोडून राहते, एवढंच. तिला अक्षत, आणि पाठच्या बहिणीला नाही.

मंजुश्री छत्तीस वर्षांची झाली. पहिलं लग्न दोन वर्षंही टिकलं नव्हतं. पोरीचं चांगलं होतंय, याचा आनंद आधी व्हायला हवा होता. आधी राग आला. जे झालं ते लिहिते.


१६ नोव्हेंबर

जेवले नाही. नागोजीरावांच्या लक्षात तिसऱ्या भाकरीला आलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं, त्यामुळे गल्लीलाही कळलं. ते शांतपणे म्हणाले, "मग जा की. बोलावणं काय पोष्टानं यायचं हाय?"

टोमणा मारायला यांना बरोबर वेळ सापडते. मी त्यांच्याशीही बोलत नाही आता.

चित्र: कोंबडी आभाळाकडे बघतेय. 'गुडघे दुखतात. नाहीतर गेले असते.'


१९ नोव्हेंबर

रुसका कावळा उंबऱ्यात बसलाय, समोर रस्ता. 'मी कुणाची वाट बघत नाही. हवा खातोय.' हे आक्काचंच चित्र, तीच अशी. लहानपणी आई हाक मारेपर्यंत जेवायला उठायची नाही आणि हाक आली की म्हणायची, मला कुठं भूक आहे?

मी मात्र आज संध्याकाळी दोन तास खरंच उंबऱ्यात बसले होते. भाजी निवडायची होती.


२३ नोव्हेंबर, रविवार

डायरीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ही कुणी वाचणार नाही. अंजनी वाचत असेल तर अंजने, पुढचं वाचू नकोस.

आमच्या धंद्यात जोडीची नक्षी ग्राफवर अर्धीच काढतात. दोन पोपट हवे असतील तर एकच काढायचा. दुसरा अर्धा भाग मागच उलटा करून विणतो, आरशात दिसावं तसा. म्हणून पोपटाची चोच मधल्या रेघेकडे असली पाहिजे. तशी असली की दोघं समोरासमोर येतात. नवशिक्यालाही हे पहिल्या दिवशी सांगतात.

मंजुश्रीच्या पहिल्या लग्नाची साडी आम्ही विणली. मावशीचा मान होता तो. पदरावर पोपटांची जोडी. घाईत होते, तीन घरांच्या ऑर्डरी अंगावर होत्या, आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाच मी पोपट फिरवून बसले. चोच काठाकडे.

साडी मागावर पालथी विणली जाते, सुलटी बाजू खाली. चार बोटं पदर झाला तेव्हा नागोजीरावांनी सवयीने खालून आरसा धरला आणि मला हाक मारली. आरशात दोन पोपट. एकमेकांकडे पाठ करून. ते म्हणाले, "काढूया. नक्षीची कार्डं परत पंच करू." मी म्हटलं, "राहू दे. कोण बघतंय इतकं बारीक?"

आक्काने बघितलं. विणकराची लेक ती. सगळ्या वऱ्हाडासमोर पदर उलगडला आणि हळूच म्हणाली, "राजे, हे पोपट पाठमोरे का गं?" हळूच म्हणाली होती, हे आज लिहिताना आठवलं. मला त्या वेळी ते सगळ्यांसमोर मारल्यासारखं लागलं. आणि मी मोठ्याने म्हणाले, "निपाणीच्या लोकांस्नी तंबाखूची पानं कळत्यात. नक्षी न्हाय कळायची." मंजुश्रीच्या सासरची माणसं हसली. आक्काने साडीची घडी केली आणि आत गेली.

पावणेदोन वर्षांनी मंजुश्री माहेरी परत आली. गल्लीने मला दोन ओळींत सांगितलं. दारू, आणि हात उचलणं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर ते पोपट. मी शिकलेली बाई आहे, सातवीपर्यंत का होईना, साडीने संसार मोडत नाही हे मला कळतं. तरी पाय उचलला नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? आज जाते, उद्या जाते करत वर्ष गेलं. मग वर्ष झाल्यावर गेलं तर लोक काय म्हणतील म्हणून गेले नाही. मग नऊ वर्षं झाली.

आक्काने बोलणं टाकलं असं मी सगळ्यांना सांगते. टाकलं तिनेच. पण फोन मीही केला नाही.


२४ नोव्हेंबर

डोळे सुजले होते. अंजनीने काही विचारलं नाही. भाजीत मीठ कमी होतं तेही नागोजीरावांनी सांगितलं नाही. म्हणजे दोघांना माझी कीव आली आहे.

चित्र काढलं नाही.


२५ नोव्हेंबर

गंमत म्हणजे काल चित्र नव्हतं तर आज पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी राजकुमारच्या नंबरवरून नुसता एक अंगठा आला. कशाला अंगठा? चुकून दाबला असेल. टेम्पोवाल्यांचे हात जाड असतात.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ दिवस उरले. अक्षत नाही. आज मोटारसायकल दारात थांबली तर मी पदराला हात पुसत धावले. लाइटवाला बिलाचा कागद टाकून गेला.

मनुबाईने चौथ्यांदा विचारलं. मी सांगितलं, आली, डब्यात ठेवलीय. आता हेही एक खोटं सांभाळायचं.

चित्र: बगळा एका पायावर उभा. 'दुसरा पाय टाकला की निघावं लागेल.' या चित्रावर बारा जणांनी हसरी तोंडं पाठवली. मला काही ते एवढं हसण्यासारखं वाटलं नव्हतं.


३० नोव्हेंबर, रविवार

रुसक्या कावळ्याच्या तोंडी आज 'चूक माझी होती' घालायचं ठरवलं. आक्काने हे म्हणावं, निदान चित्रात तरी म्हणावं, एवढीच इच्छा होती. कावळा काढायला बसले. मान आकाशात काढायची सवय, पण आज मान खालीच आली. तीनदा खोडली, तीनदा खाली आली. मग तशीच राहू दिली. खाली अक्षरं लिहिली. लिहिल्यावर बराच वेळ कागद हातात घेऊन बसले. आपणच काढलेल्या कावळ्यासाठी रडणारी बाई वडगावात दुसरी नसेल.

दुपारी स्टेटसला लावलं. आज पहाटेची वाट बघावी लागली नाही. दहाव्या मिनिटाला निपाणीहून बघितलं गेलं. मग त्याच नंबरवरून बोलका मेसेज आला. लावून ऐकला तर बोलणं काहीच नाही. भांड्याचा आवाज, कोंबडी, आणि एका बाईचा खोकला. शेवटी एक लांब श्वास. संपलं. राजकुमारच्या खिशात फोन दाबला गेला असणार.

तरी तीनदा ऐकला. खोकला ओळखीचा वाटला. पण तंबाखूचं गाव ते, तिथे सगळेच खोकतात.

नागोजीरावांना म्हटलं, उद्या निपाणीला जाऊ का? त्यांनी पहिल्याच हाकेत ऐकलं. म्हणाले, "मिठाईवाल्याकडनं कुंदा घिऊन जा."


२ डिसेंबर, मंगळवार. निपाणी

हे आक्काच्या माडीवर बसून लिहितेय. खाली मांडव घालताहेत.

काल सकाळची बस धरली. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट लागला. घाट उतरला की निपाणी. तिथून परत फिरता येत नाही, म्हणजे येतं, पण लाज वाटते. न बोलावता लग्नघरी जाणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा झाले. दारात उभी राहीन, आक्का बघेल, दार लावेल, आणि मी पुढच्या बसने वडगावला, एवढीच तयारी करून गेले होते. कुंदा परत आणला तर नागोजीरावांना काय सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

दारात दाजी पेपर वाचत होते. चष्मा वर करून बघितलं आणि आत आक्काला हाक दिली, "अंबू, आली गं."

कोण आली, ते म्हणालेच नाहीत. आक्का अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे. मी शेवटचे बघितले तेव्हा निम्मे काळे होते. तिने मान वर केली नाही.

"चप्पल तिकडं काढ. सारवल्यालं हाय."

मी चप्पल काढली. पिशवी कुठे ठेवावी ते सुचेना. तेवढ्यात आतून मंजुश्री आली, ओल्या हातांनी माझ्या गळ्यात पडली आणि ओरडली, "आई, कावळा आला गं, कावळा!"

"म्या बघितलं."

"कुठला कावळा?" मी म्हटलं.

मंजुश्रीने परसातल्या कोनाड्यातून एक जुना फोन आणला. काच तडकलेली. राजकुमारने नवा घेतला तेव्हा हा आईला दिलेला, नंबरासकट. "मावशी, पाच वाजल्याबरोबर परसात उभं ऱ्हाऊन बघती. मग चूल. मला दावती. म्हणती, बघ, आज कावळा काय म्हणतोय."

माझ्या कानशिलांना आग लागली. म्हटलं, "आक्का, वाईट वाटून घिऊ नगंस. तुज्यावरनं काढला न्हवता त्यो."

आक्काने सूप थांबवलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "माज्यावरनं? अगं येडे, त्यो तूच हाईस की! लहानपणापास्नं अशीच मान वर करून बसतीस तू. म्या पहिल्याच दिशी वळीकलं."

मंजुश्री हसत सुटली. दाजी बाहेरून हसले. मी चार आठवडे काढलेले कावळे डोळ्यांसमोर आणले, एकेक करून, उंबऱ्यातला, मान वर केलेला, मान खाली घातलेला. देवा रे. सगळ्या गावाने बघितले.

मग मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "आक्का, त्या साडीचं मला आधीच कळलं हुतं. मागावरच दिसलं हुतं. ह्यांनी म्हटलं काढूया, म्याच न्हाय म्हटलं."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"तू माज्या तोंडाकडं न बघता बोललीस तवाच." तिने तांदळातला एक खडा वेचून टाकला. "साडीचं काय घिऊन बसलीस? ती म्या चार दिसात इसरली. पोरगी परत आली आणि तू आली न्हाईस. समदी आली, चुलत आली, मावस आली, चा पिऊन गेली. मी दाराकडं बघत बसली. त्येचं दुखलं."

मी म्हटलं, "मला भ्या वाटलं, आक्का. त्या पोपटांनी तिचं वाटोळं केलं असं वाटायचं."

मंजुश्री माझ्याजवळ बसली. "पोपटांनी काय केलं मावशी? माणूस वाईट हुता. पोपट बिचारे गप हुते." ती शाळेत शिकवते. पोरांना समजावताना असंच बोलत असेल.

रडणं झालं, चहा झाला. कुंद्याचा डबा उघडला. आणि तरी माझ्या मनातली अढी जाईना. मी शेवटी विचारलंच, कारण विचारल्याशिवाय राहिले असते तर ती मी नव्हेच. "मग अक्षत का धाडली न्हाईस? मनुबाईच्या नणंदंला धाडलीस. मी पंधरा दिस उंबऱ्यात बसून ऱ्हायले."

आक्काला खरंच कळेना मी काय म्हणतेय ते.

"तुला अक्षत?"

"व्हय. मला."

"अगं, अक्षत लोकांस्नी देत्यात. लोक येत्यात, टाकत्यात, जेवत्यात, जात्यात. तुला अक्षत दिली असती तर तू बी पावणी झाली असतीस. त्येवढं मातूर माज्या हातनं झालं नसतं." तिने पडवीकडे हात केला. "तू येशील म्हणून हळद तशीच ठिवलीया. शेजारच्या बाया दोनदा दळाय आल्या, दोनदा परत धाडल्या. म्या म्हटलं, येऊ दे तिला. मावशीबिगार हळद लागायची न्हाय पोरीला."

पडवीत जातं मांडलेलं होतं, खाली धुतलेलं फडकं अंथरून. फडक्यावर चार दिवसांची धूळ बसली होती. मंजुश्रीने ती झटकली आणि हळकुंडांचा डबा आणला. आक्का एका बाजूला बसली. खुंट्याला वरच्या बाजूला तिने हात लावला आणि खालची जागा मोकळी ठेवली.

मी पदर खोचला.